क्वाड टाकल्यावर पीसी मधेच बंद पडतो, पेस्ट बदलली की आठ दिवस बरा चालतो, मग पुन्हा तेच

इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसायची जागा) जुन्या डेस्कटॉपमध्ये ड्युअल कोअर (दोन कोअरचा प्रोसेसर) काढून क्वाड (चार कोअरचा) बसवणाऱ्यांना हा त्रास हमखास भेटतो. प्रोसेसर बदलला, डिस्प्ले आला, सीपीयू-झेडमध्ये चार कोअर दिसले, सगळं छान. दहा-पंधरा मिनिटं झाली किंवा एखादं जड काम लावलं की मशीन फटकन बंद. कूलर काढून नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरला पोचवणारा लेप) लावली की आठ-पंधरा दिवस नीट चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी माणूस म्हणतो, सेकंडहँड प्रोसेसरच खराब निघाला, आणि ड्युअल कोअर परत बसवून गप्प बसतो.

गेली नऊ-दहा वर्षं मी हौसेनं असली मशिनं उघडतोय. या तक्रारीत प्रोसेसर खरोखर खराब निघाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. दोष नेहमी त्याच्या भोवतालच्या गोष्टीत सापडतो: कूलर कसा बसलाय, त्याला वीज कशी मिळतेय, बायोसला (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरला) तो ओळखता येतोय का. त्यामुळे प्रोसेसर परत विकायच्या आधी पुढचं वाचा.

मला हे सगळं शिकवलं ते सांगलीच्या मामांच्या मशीननं. मामा लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापतात. त्यांचं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर जुनं, त्याचं डोंगल (ते चालायला लागणारी किल्ली) जुन्या पॅरलल पोर्टला लागतं, म्हणून मशीन बदलायचा प्रश्नच नव्हता. जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, त्यावर ई५३००: दोन कोअर, २.६ गिगाहर्ट्झ, ८०० ची बस (बोर्डाशी देवाणघेवाणीचा वेग), ६५ वॅट. मी टाकला क्यू८४००: चार कोअर, २.६६ गिगाहर्ट्झ, १३३३ ची बस, ९५ वॅट. बोर्डाच्या यादीत तो होता. माझ्या टेबलावर रात्रभर प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण ताण टाकणारा प्रोग्रॅम) चालवलं, काही झालं नाही. सांगलीला नेला, चौथ्या दिवशी मामांचा फोन. मी जाऊन पेस्ट बदलली, तासभर चालवून दाखवला, परत आलो. बाराव्या दिवशी पुन्हा फोन. असं तीनदा झालं.

तिसऱ्यांदा कूलर उचलला तेव्हा पेस्ट पुसायच्या आधी मी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं. प्रोसेसरच्या पत्र्यावर एका कोपऱ्यात ती श्रीखंडासारखी जाड राहिली होती, आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यात इतकी पातळ की खालची अक्षरं वाचता येत होती. म्हणजे कूलर एका बाजूनं उचललेला होता. पेस्टचा काहीच दोष नव्हता. पेस्ट बदलण्याच्या निमित्तानं मी कूलर काढून पुन्हा दाबून बसवत होतो, म्हणून आठ-दहा दिवस सुखाचे जात होते.

तुमच्याकडे हाच प्रकार आहे का, हे ठरवायला आधी एकच प्रश्न विचारा: मशीन बंद कसं पडतं?

उष्णतेनं पडणारं मशीन पडण्याआधी सूचना देतं. या प्रोसेसरचा आतला भाग साधारण १०० अंशांना पोचला की तो स्वतःहून वेग कमी करतो. क्यू८४०० चा गुणक (मूळ घड्याळाच्या वेगाला ज्यानं गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) ८ वरून ६ वर येतो, म्हणजे २.६६ चं २ गिगाहर्ट्झ. तेवढ्यानंही भागलं नाही आणि ताप चढतच राहिला, तर तो बोर्डाला वीज तोडायला लावतो. म्हणून काम चालू असताना माउस जड होणं, पंखा बोंबलणं आणि मग बंद पडणं, ही उष्णतेची खूण. लगेच बटण दाबलं तर मिनिट-दोन मिनिटांत पुन्हा बंद पडतं, कारण हीटसिंक (कूलरचा धातूचा भाग) अजून तापलेलाच असतो. मात्र गुणक बघायचा तो लोड (जड काम) असतानाच. रिकामं बसलेलं मशीन वीज वाचवायला तसंही ६ वर येतं, ते बघून घाबरू नका.

विजेनं पडणाऱ्या मशीनची तऱ्हा वेगळी. तापमान बरं असतं, वेग पूर्ण असतो आणि लोड आला की फ्यूज उडाल्यासारखं एका क्षणात सगळं काळं, किंवा आपोआप रीस्टार्ट. कधी कधी समोरचं बटण दाबूनही काही होत नाही. मागची वायर काढून दहा सेकंदांनी लावली की चालू होतं. हे झालं तर एसएमपीएसनं (वीज पुरवणाऱ्या डब्यानं) स्वतःला वाचवायला कुलूप लावून घेतलं होतं असं समजा, आणि थेट खालच्या विजेच्या भागाकडे जा.

तिसरा प्रकार म्हणजे मशीन बंद न पडता अडकतं किंवा निळा स्क्रीन येतो. तिथे बहुतेक वेळा रॅमची किंवा बायोसची भानगड असते. बस ८०० वरून १३३३ झाली की रॅमचं गणितही नव्यानं मांडलं जातं, आणि आजवर कशीबशी निभावून नेणारी रॅम तिथे उघडी पडते. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) एक पूर्ण फेरी चालवा. एरर आले तर एकेक पट्टी काढून बघा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या 'कर्नल पॉवर ४१' या नोंदीवर वेळ घालवू नका. मशीन नीट शटडाउन झालं नव्हतं, एवढंच ती सांगते, आणि ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

आता कूलर. ७७५ सोबत येणाऱ्या गोल कूलरला चार पुश-पिना असतात आणि या सबंध त्रासाचं मूळ बहुतेक वेळा त्या चारांपैकी एकीत असतं. पिनेची रचना एकदा हातात घेऊन बघा. बाहेर पांढऱ्या प्लास्टिकचा पाय, टोकाला दोन पाकळ्यांत चिरलेला. आत काळी सळई. पाय बोर्डाच्या भोकातून खाली गेला की वरून काळं डोकं दाबायचं. सळई पाकळ्यांच्या मध्ये घुसते, पाकळ्या फाकतात आणि बोर्डाला खालून धरून ठेवतात. सळई अर्धीच घुसली तरी वरून बघणाऱ्याला पिन बसल्यासारखी वाटते, टक आवाजही येतो. पाकळ्या मात्र पुरत्या फाकलेल्या नसतात.

डोक्यावर बाणाची खूण असते. बाणाच्या दिशेनं फिरवलं की पिन सुटते. बसवण्याआधी चारही डोकी बाणाच्या उलट, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं, अडेपर्यंत फिरवून घ्या. बरेच जण दाबून झाल्यावर 'घट्ट करायला' म्हणून बाणाकडे फिरवतात आणि स्वतःच्या हातानं पिन सोडवतात. दाबताना समोरासमोरची तिरपी जोडी एकदम दाबायची, दोन अंगठ्यांनी, मग दुसरी जोडी. एका कडेनं सुरुवात केलीत तर चौथ्या पिनेच्या वेळी बोर्ड इतका वाकतो की ती पुरती बसतच नाही.

आणि हे कॅबिनेटच्या आत करू नका. बोर्ड बाहेर काढा, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवा, कूलर बसवा, मग बोर्ड उलटा करून टॉर्चच्या उजेडात चारही भोकं बघा. प्रत्येक भोकात पांढऱ्या पाकळ्यांच्या मधोमध काळं टोक बाहेर आलेलं दिसलं पाहिजे, चारही सारख्याच उंचीचे. मामांच्या बोर्डावर तीन ठिकाणी दिसलं. चौथ्या ठिकाणी नुसत्या पाकळ्या होत्या, आणि त्यातल्या एकीला मुळाशी पांढुरकी चीर गेलेली होती. म्हणजे कितीही दाबली तरी ती पिन आठ-दहा दिवसांत वर सरकणारच होती.

माझ्या टेबलावर ती का सरकली नाही, हे मग कळलं. टेबलावर बोर्ड आडवा असतो, कूलरचं वजन सरळ खाली पडतं, तुटकी पिनही चालून जाते. कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा राहतो, कूलर आडवा लटकतो आणि सगळा ताण वरच्या दोन पिनांवर येतो. त्यात पुणे ते सांगली एसटीचा प्रवास. तेव्हापासून मी कुठलंही मशीन टेबलावरच्या चाचणीत पास करत नाही. कॅबिनेट उभं, झाकण लावलेलं, निदान दोन तास लोड, मग पास.

पिनांचे सुटे सेट मिळतात, पण मला आता स्क्रू आणि बॅकप्लेटवाला (बोर्डाच्या मागे आधाराची पट्टी असलेला) कूलरच बरा वाटतो. घेताना भोकांचं अंतर विचारा. ७७५ ला ७२ मिलिमीटर लागतं. ११५६, ११५५ आणि त्यानंतरच्या बऱ्याच सॉकेटांना ७५ मिलिमीटर. दिसायला दोन्ही कूलर सारखेच, आणि दुकानदार 'बसतो की' म्हणून ११५५ चा हातात ठेवतो. तीन मिलिमीटरच्या फरकानं पिना तिरक्या जातात आणि वर सांगितलेलं सगळं पुन्हा सुरू होतं.

अजून एक. ड्युअल कोअरसोबत आलेला बुटका, सबंध अॅल्युमिनियमचा कूलर क्वाडवर ठेवू नका. तो ६५ वॅटच्या हिशेबानं दिलेला असतो. मधोमध तांब्याचा ठोकळा असलेला उंच कूलर शोधा. जुन्या बाजारात तो सहज मिळतो. पंखा काढून पात्यांच्या आतली बाजूही बघा. पंखा आणि हीटसिंकच्या मध्ये धुळीचा जो नमदा साचतो तो वरून फुंकर मारून निघत नाही. पेस्ट वाटाण्याच्या दाण्याएवढी पुरे, आधीची आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूर्ण पुसून.

तापमान बघताना एक लक्षात असू द्या. ४५ नॅनोमीटरच्या कोअर २ प्रोसेसरमधले (क्यू८४०० त्यातलाच) सेन्सर थंड असताना एका आकड्यावर अडकून बसतात. रिकाम्या मशीनमध्ये एक कोअर ३५ आणि दुसरा ४७ दाखवत असेल तर त्यावरून काही ठरवू नका. लोड देऊन, कमाल मर्यादेपासून किती अंश लांब आहोत हा आकडा बघा. कोअर टेम्प या प्रोग्रॅममध्ये तशी सोय आहे. पूर्ण लोडवर वीसपेक्षा जास्त अंश शिल्लक राहत असतील तर मी समाधानी असतो. ही चाचणी थंडीत केली असेल तर मे महिन्याचा हिशेब आधीच करा: खोली जितके अंश तापेल, जवळपास तितकेच अंश प्रोसेसरही तापतो.

विजेचं गणित साधं आहे, एकदा मांडून बघाच. ९५ वॅटचा प्रोसेसर साधारण १.२ व्होल्टवर चालतो, म्हणजे त्याला ८० अँपिअरच्या आसपास करंट लागतो. ६५ वॅटच्या जुन्याला ५४ लागत होता. सॉकेटच्या शेजारी कॉइलच्या चौकोनी ठोकळ्यांची जी रांग दिसते तो व्हीआरएम. १२ व्होल्ट घेऊन तो हा करंट तयार करतो. स्वस्त जी३१-जी४१ बोर्डांवर तो बहुधा तीन फेजचा (करंट वाटून घेणाऱ्या तीन भागांचा) असतो. आधी एका फेजवर १८ अँपिअर येत होते, आता २६-२७. रोधामुळे होणारी उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, त्यामुळे तिथला ताप दुपटीच्या वर जातो, आणि या बोर्डांत व्हीआरएमवर हीटसिंकही नसतो. गोल कूलर खाली वारा मारतो, त्यातच व्हीआरएमचं भागतं. हौसेनं उंच टॉवर कूलर लावलात तर प्रोसेसर थंड आणि व्हीआरएम उघडा पडतो. असं एक मशीन माझ्याकडे आलं होतं. प्रोसेसर ५५ अंशांवर आणि तरी अर्ध्या तासात बंद. व्हीआरएमच्या दिशेनं ८० मिलिमीटरचा एक पंखा बांधला, थांबलं.

व्हीआरएममधली गळती धरून ९५ वॅटसाठी एसएमपीएसकडून १२ व्होल्टवर जवळजवळ १० अँपिअर ओढले जातात. आधी सात पुरत होते. डब्यावर ४५० वॅट छापलंय याला अर्थ नाही. स्टिकरवर १२ व्होल्टपुढचा अँपिअरचा आकडा वाचा. हार्ड डिस्क, पंखे आणि ग्राफिक कार्ड असेल तर तेही त्याच १२ व्होल्टवर जगतात. खात्री मल्टिमीटरनं करा: प्रोसेसरशेजारच्या चौकोनी चार पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूनं प्रोब घाला, लाल पिवळ्या वायरला, काळा काळ्याला, आणि मग लोड द्या. ११.४ ते १२.६ च्या आत राहिलं पाहिजे. लोड दिल्यावर ११.२-११.१ असं उतरत जात असेल तर दोषी सापडला. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा १२ व्होल्टचा आकडा पुष्कळदा चुकीचा असतो, त्याच्या भरवशावर एसएमपीएस बदलूही नका आणि निर्दोषही ठरवू नका. प्रोब घालताना दोन वायरी एकमेकींना चिकटू देऊ नका, आणि एसएमपीएसचा डबा उघडायच्या भानगडीत पडू नका. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो.

तोच कनेक्टर काढून आत डोकवा. प्लास्टिक पिवळट किंवा करपलेलं असेल तर तिथे सैल जोड आहे.

सॉकेटजवळच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांवरूनही बोट फिरवा, मशीन बंद असताना. माथा सपाट पाहिजे. चिरेच्या ठिकाणी जराही फुगवटा किंवा तपकिरी खरपुडी लागली तर तो गेला. दोन कोअर तो रेटत होता, चार नाही रेटणार. बदलताना तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी) लिहिलेला घ्या. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्ननं हे काम होत नाही. बोर्डाचे ग्राउंडचे थर उष्णता पिऊन टाकतात आणि आपण घाई करून भोकातलं तांबं उखडतो. ६० वॅटचं वापरा किंवा मोबाइल रिपेअरवाल्याकडे द्या.

बायोसबद्दल थोडक्यात. बोर्डाच्या कोपऱ्यावर छापलेलं रिव्हिजन (आवृत्तीचा क्रमांक) आधी वाचा. एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन रिव्हिजनच्या प्रोसेसर याद्या वेगळ्या असू शकतात. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचा, यूपीएसवर, आणि मग नवा बसवायचा. प्रोसेसर बदलल्यावर सीएमओएस क्लिअर करा (बायोसची साठवलेली सेटिंग पुसा). बोर्डावरचा सीआर२०३२ सेल २.८ व्होल्टच्या खाली असेल तर त्याच वेळी बदला, नाहीतर सेटिंग रोज विसरली जातील आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला दोष द्याल.

स्टिकर लावून ७७१ सॉकेटचे झिऑन (इंटेलचे सर्व्हरचे प्रोसेसर) ७७५ मध्ये बसवणाऱ्यांसाठी दोन ओळी. ई५४५० हा ८० वॅटचा आहे, कागदावर क्यू८४०० पेक्षाही थंड, आणि मला तो आवडतो. पण बायोसमध्ये त्याचा मायक्रोकोड (तो प्रोसेसर नीट चालवायचा कोड) नसेल तर मशीन सुरू होऊनही विचित्र वागतं, आणि स्टिकर केसभर सरकला तरी कधी डिस्प्ले येतो, कधी नाही. १२० वॅटचा एक्स५४६० तीन फेजच्या बोर्डावर टाकू नका. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण या बोर्डांचं आता नवीन उत्पादन नाही. जो जळला तो गेला.

कुठलाही उपाय करताना क्रम एकच ठेवा. सगळ्यात आधी जुना प्रोसेसर परत टाकून तोच लोड द्या. त्यावरही बंद पडलं तर नव्या प्रोसेसरला सोडून द्या. जुन्यावर चाललं तर नवा टाका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पेस्ट, एसएमपीएस आणि रॅम एकाच दुपारी बदलली तर मशीन चालेल, पण कशानं चाललं हे कळणार नाही, आणि महिन्याभरानं तोच प्रश्न परत आला की पुन्हा शून्यापासून.

मामांच्या मशीनला शेवटी ७२ मिलिमीटरची बॅकप्लेट लावली. चार स्क्रू तिरप्या क्रमानं, प्रत्येकी दोन-दोन आटे करत आवळले. मग प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून कूलरच्या पट्टीवर येईल अशी व्हाइटनरची एक सरळ रेघ ओढली, म्हणजे स्क्रू जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसेल. पुश-पिनांना रेघ मारून भागत नाही, त्या फिरत नाहीत, वर सरकतात. तिथे डोकं आणि खालच्या पट्टीतलं अंतर मोबाइलनं कडेनं फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वेळी ताडून बघा. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, झाकण लावून, चारही कोअरवर लोड देऊन बघितलं तेव्हा मर्यादेपर्यंत ३१ अंश शिल्लक होते. दिवाळीच्या साफसफाईत मामांनी झाकण उघडून फोटो पाठवला. धूळ बरीच होती, चारही रेघा सरळ होत्या.